हृदयासाठी दिलेला रुपया जातो कुठं?

२९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी 'कोलेस्टेरॉल २३० आलंय, तूप सोडू का?' असं विचारणारे वाचक या दिवसांत पैशांविषयी विचारतात. कुणाला देणगी द्यायची असते, कुणाला शिबिर भरवायचं असतं, कुणाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन माणूस उभा असतो. मी हृदयरोगाचा डॉक्टर, आणि काही वर्षं संशोधनाचे अर्ज तपासणाऱ्या समितीवर बसलो आहे. त्यामुळं या वेळी फक्त हीच पत्रं घेतो. तुपाचं पुढच्या महिन्यात.

मी कोरेगावची निवृत्त शिक्षिका. माझे यजमान गेल्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकनं गेले. त्यांच्या नावानं पन्नास हजार रुपये हृदयरोगाच्या संशोधनाला द्यावेत असं मनात आहे. एका संस्थेचा माणूस माहितीपत्रक देऊन गेला. पण संशोधनाला पैसे देतात म्हणजे नेमकं काय करतात? माझे पैसे ऑफिसला फरशी बसवण्यात तर जाणार नाहीत ना?

बाई, फरशीची शंका अगदी रास्त आहे. आधी पद्धत सांगतो, मग तुमच्या पन्नास हजारांकडं येतो.

संशोधनाला निधी देणाऱ्या मोठ्या संस्था बहुधा स्वतः प्रयोगशाळा चालवत नाहीत. १९६१ साली स्थापन झालेली ब्रिटिश हार्ट फाउंडेशन दरवर्षी साधारण १० कोटी पौंड संशोधनावर खर्च करते, पण ते पैसे जातात विद्यापीठांतल्या आणि रुग्णालयांतल्या संशोधकांना. संस्था अर्ज मागवते. अर्जात लिहावं लागतं की प्रश्न कोणता, त्यावर आजवर काय माहीत आहे, किती रुग्ण लागणार, तेवढेच का, आणि खर्च किती. मग अर्जदाराशी संबंध नसलेले त्या विषयातले जाणकार तो वाचून शेरे देतात. त्यानंतर समिती बसते. चर्चेतल्या अर्जाशी ज्याचा संबंध असेल तो सदस्य तेवढ्यापुरता खोलीबाहेर जातो. बरेच अर्ज नापास होतात, आणि तेच बरं असतं.

मी स्वतः अर्ज हातात घेतला की खर्चाचं पान आधी उघडतो. माणसाचा हेतू तिथं कळतो. तीन लॅपटॉप, परिषदेसाठी दोन विमानप्रवास, आणि रुग्णांच्या घरी जाऊन पाठपुरावा करणाऱ्या नर्सचा पगार सहा महिन्यांचा, अभ्यास मात्र तीन वर्षांचा! असा अर्ज मी पुढं जाऊ देत नाही. उरलेली अडीच वर्षं त्या रुग्णांचं काय झालं हे कळणारच नसेल, तर अभ्यास कशाचा?

थोडक्यात, संशोधनाचा मोठा पैसा पगारांत जातो. देणगीदारांना हे ऐकून जरा हिरमुसल्यासारखं होतं, कारण यंत्रावर नावाची पाटी लागते, पगारावर लागत नाही. पण हृदयरोगाविषयीचं आपलं बरंचसं ज्ञान अशाच कंटाळवाण्या कामातून आलंय. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली सरकारी पैशानं ५,२०९ माणसांची नोंद सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, बीपी मोजायचं, रक्त तपासायचं, विचारपूस करायची आणि लिहून ठेवायचं. वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हार्ट अ‍ॅटॅकशी संबंध आज आपण गृहीत धरतो, त्यात त्या वह्यांचा वाटा फार मोठा आहे.

आता तुमचं. आपल्याकडं वैद्यकीय संशोधनाचा मोठा भार सरकारी पैशावर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या संस्थांवर आहे. धर्मादाय प्रयत्नही जुने आहेत. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी १९६२ साली दिल्लीत ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन काढलं. पण जिल्ह्यातल्या एखाद्या ट्रस्टच्या पत्रकावर 'संशोधन' असं छापलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा शिबिर किंवा व्याख्यान एवढाच निघतो. त्यात वाईट काही नाही, फक्त तसं सांगायला हवं. म्हणून त्या माणसाला विचारा: गेल्या तीन वर्षांत कोणत्या अभ्यासाला किती दिले, अर्ज कोणी तपासले, निष्कर्ष कुठं छापून आले? उत्तरादाखल फोटोंचा अल्बम पुढं आला, तर चहा पाजून वाटेला लावा.

ट्रस्टचा नोंदणी क्रमांक घ्या. सार्वजनिक ट्रस्टला लेखापरीक्षण केलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावे लागतात. ते दाखवायला खळखळ करणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे चेकनं द्या. ८०जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत गेला असाल तर मिळतच नाही. सोबत पत्र द्या आणि त्यात 'हृदयरोग संशोधनासाठी' असं स्पष्ट लिहा. रक्कम कायम ठेवीत राहून व्याजच खर्च व्हावं असं वाटत असेल, तर तेही लेखी द्या. पन्नास हजारांत स्वतंत्र अभ्यास उभा राहत नाही, पण चालू असलेल्या अभ्यासात एखाद्या तालुक्यातल्या रुग्णांच्या पाठपुराव्याचा प्रवासखर्च नक्की निघतो. मी तुमच्या जागी असतो तर तेच मागितलं असतं.

परदेशातल्या या संस्थांकडं एवढा पैसा येतो कुठून? आम्ही साताऱ्याचे रनर दरवर्षी यवतेश्वरचा घाट धावतो, फी भरतो, टी-शर्ट घेतो. ती फी हृदयाच्या कामाला जाते का? आणि तिकडच्या पैशाचा आपल्याला काय उपयोग?

प्रवेश अर्जावर तसं लिहिलेलं नसेल तर जाते असं धरून चालू नका. धावण्याच्या स्पर्धेला पाणी, अँब्युलन्स, वेळ मोजणारी चिप, रस्त्याचा बंदोबस्त असा खर्चच भरपूर असतो. तिकडं फी वेगळी आणि देणगी वेगळी. धावणारा आधीपासून नातेवाईक, ऑफिसातले मित्र यांच्यामागं लागतो, 'मी एवढे किलोमीटर पळणार, तू एवढे दे', आणि जमलेली रक्कम थेट संस्थेला जाते. हे साताऱ्यात सहज जमण्यासारखं आहे. घाट चढायची तयारी आहे, तर मेहुण्याकडं पाचशे रुपये मागायला लाजायचं कशाला?

ब्रिटिश संस्थेचा मोठा आधार म्हणजे लोकांनी मृत्युपत्रात ठेवलेला पैसा, आणि जुने कपडे, पुस्तकं, सोफे विकणारी तिची दुकानं. अमेरिकन हार्ट असोसिएशनची गोष्ट आणखी गमतीची. १९२४ साली सहा हृदयरोगतज्ज्ञांनी काढलेली ही संस्था बराच काळ डॉक्टरांपुरतीच होती. १९४८ साली रेडिओवर एक स्पर्धा झाली. एका प्रसिद्ध माणसाच्या पावलांचा आवाज ऐकवायचे आणि तो कोण हे श्रोत्यांनी ओळखायचं. उत्तराबरोबर लोक देणगी पाठवत. १५ लाखांहून जास्त डॉलर जमले आणि संस्था घराघरांत पोहोचली. चालणारा माणूस होता विनोदी नट जॅक बेनी.

उपयोगाचं म्हणाल, तर तो तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच सापडेल. २०१७ च्या अखेरीस भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात केंद्र आणि राज्य सरकारं, वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि 'रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज' ही देणग्यांवर चालणारी परदेशी संस्था एकत्र आली. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे निवडले, त्यात सातारा होता. कल्पना अगदी साधी: सगळीकडं उपचाराचा एकच क्रम, अ‍ॅम्लोडिपीनसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या, महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन. किती लोक तपासले यावर कुणी खूश व्हायचं नाही, किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं ते मोजायचं. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडं त्याची चर्चा कमीच झाली, कारण फीत कापण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आमची संस्था कराड भागात हृदयविषयक जनजागृती करते. या वर्षी एक साखर कारखाना कार्यक्रमाचा सगळा खर्च उचलायला तयार आहे. घ्यावा का? कार्यकारिणीत दोन तट पडलेत.

दोन तट पडले ही चांगलीच गोष्ट आहे. माझं मत: मंडप, खुर्च्या, पाणी यांचा खर्च घ्या, वक्ता आणि मजकूर तुमचा ठेवा, आणि पैसे कोणी दिले ते फलकावर लिहा.

यामागं इतिहास आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा आढावा छापून आला. हृदयरोगाच्या बाबतीत साखरेवरचा संशय त्यात सौम्य केला होता आणि बोट चरबीकडं दाखवलं होतं. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेनं ६,५०० डॉलर दिले होते, हे जुन्या पत्रव्यवहारातून जगासमोर आलं २०१६ साली. त्या काळी पैसा कुणाचा हे छापायची सक्ती नव्हती. आपला सगळा पट्टा उसावर उभा आहे, माझ्या घरचाही ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं कुणाला खलनायक ठरवायची मला हौस नाही. पण भाषणाआधी कुणी येऊन 'तेवढं साखरेचं जरा कमी बोला' असं सुचवलं, तर त्या दिवशी चेक परत करा. औषध कंपन्यांच्या पैशालाही हाच नियम.

साताऱ्यातलं आमचं गणेश मंडळ या वर्षी मोफत ईसीजी शिबिर घेणार आहे. मशीनवाला ठरलाय. दोन दिवसांत पाचशे लोक तपासायचा विचार आहे. काही सूचना?

सूचना एकच, ईसीजी सोडा. बसल्या जागी काढलेला ईसीजी रक्तवाहिनीत अडथळा असतानाही नॉर्मल येऊ शकतो. पन्नाशीचा माणूस तो कागद खिशात घालून निश्चिंत होतो, आणि महिन्यानं चढण चढताना छातीत दुखलं तर 'ईसीजी नॉर्मल होता, गॅस असेल' म्हणून घरीच बसतो. असे रुग्ण आम्ही पाहतो.

त्यापेक्षा बीपी मोजा, पण नीट मोजा. मंडपात बीपी कसं मोजतात ते मी पाहिलंय. माणूस रांगेत उभा, मागं स्पीकर, हातात चहाचा कप, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळलेला, आणि मोजणारा विचारतोय, 'काय पाटील, मुलगा काय करतो?' असं आलेलं १५०/९६ मी मानत नाही. स्पीकरपासून लांब, शाळेची एखादी खोली घ्या. अर्ध्या तासात चहा, तंबाखू घेतली नाही ना ते विचारा. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, बाही वर. बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. या रीतीनं दोन दिवसांत पाचशे होणार नाहीत, दीडशे होतील. चालेल.

खरं काम विसर्जनानंतरचं आहे. ज्यांचं बीपी जास्त निघालं त्यांची नावं आणि फोन नंबर, त्यांची परवानगी घेऊन, जवळच्या आरोग्य केंद्रात द्या. मंडळातली दोन पोरं नेमा. पंधरा दिवसांनी त्यांनी प्रत्येकाला फोन करून विचारायचं, 'काका, दाखवून आलात का?' एवढं करणारं मंडळ मला कळवा, मी स्वतः आरतीला येतो.

मशीनवाल्याचे वाचलेले पैसे सीपीआरच्या, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याच्या, प्रात्यक्षिकाला लावा. माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, तर एकानं १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. तुमच्या ढोलपथकातल्या पोरांना ठेका धरून दमसास टिकवता येतो. ती हे उत्तम शिकतील.

वाईहून लिहिते. जागृतीच्या सगळ्या फलकांवर छाती धरून बसलेला पुरुषच का असतो? आमच्या बचतगटात बोलायचं असेल तर काय सांगू?

तुमचा राग बरोबर आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनलाही बायकांसाठी स्वतंत्र मोहीम काढायला २००४ साल उजाडलं. बायकांना छातीत दुखतंच, पण सोबत किंवा त्याऐवजी धाप, जबड्यात, पाठीत दुखणं, मळमळ, न समजणारा थकवा असंही होतं. ते अंगावर काढलं जातं आणि घरातलेही 'दगदग झाली असेल' म्हणतात.

बचतगटात मात्र लक्षणांच्या आधी मिश्रीवर बोला. सिगारेटच्या चित्राचा आपल्या बायकांशी काही संबंध नाही, आणि मिश्रीला कुणी तंबाखू समजतच नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हार्ट अ‍ॅटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियात पहिला अ‍ॅटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असंही दिसलं. 'मिश्री सोडा' असा उपदेश करू नका. आधी विचारा, दिवसातून किती वेळा लावता? बायका एकमेकींकडं बघून हसतील, मग आकडे सांगतील. तिथून बोलणं सुरू होतं. मिठाचंही तसंच, लोणचं, पापड, खर्डा कुणी मिठात धरत नाही. दिवसाला सगळं मिळून एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, ही मर्यादा.

फलटणहून. वडिलांना अँजिओप्लास्टी सांगितली आहे. हृदयरोगाची एखादी संस्था खर्च देईल का? कोणाला अर्ज करू?

संशोधन आणि जनजागृती करणाऱ्या संस्था सहसा एकेका रुग्णाचं बिल भरत नाहीत. तिथं वेळ घालवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, अ‍ॅडमिट होण्याआधी आणि डिपॉझिट भरण्याआधी. योजनेत नसलेलं धर्मादाय रुग्णालय असेल, तर तिथं दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल रुग्णांसाठी राखीव असतात. वैद्यकीय समाजसेवकाकडं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. खिशातून पैसे भरायची वेळ आलीच, तर एवढं लक्षात ठेवा की स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीच्या, किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वेगळे लिहून मागा.