इरकलीचा पदर आणि मुलीची भिंत

माहेर बेळगावातले वडगाव, सासर धारवाड आणि आता टोरांटोजवळच्या उपनगरात नवे घर, असा प्रवास झालेल्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. पत्रात प्रश्न चार आहेत, परंतु माझे मन एकाच ठिकाणी अडकले. त्या लिहितात, “सहा वर्षांच्या मुलीला प्रथमच स्वतंत्र खोली मिळाली आहे. भिंतीसाठी युनिकॉर्नची तीन छापील चित्रे पाहून ठेवली आहेत. सासूबाईंनी मात्र त्यांच्या जुन्या इरकलीचा, कशिदा भरलेला पदर पाठवला आहे. तो लावला तर खोली गावंढळ दिसेल का?”

हा शब्द तुम्ही सासूबाईंच्या कानावर घातला नसावा, अशी आशा करते. तुमची अडचण मला कळत नाही असे मुळीच नाही. आपले घर शेजारणीच्या घरासारखे दिसावे म्हणून मीही पहिली सहा वर्षे शहापूरहून आईने दिलेले खण ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची चित्रे लावली होती, जणू खिडकीबाहेर बर्फ कमीच पडत होता! पण ज्या वस्तूला तुम्ही जुनेर समजता आहात, ती पुन्हा एकदा उलटून पाहा.

हा कशिदा छाप मारून भरत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत सुई चालते आणि सुरुवातीला किंवा शेवटी गाठ मारत नाहीत. सरळ रेषांची गवंटी आणि पायऱ्यांसारखी नागमोडी जाणारी मुर्गी हे दोन टाके नीट घातले, तर नक्षी कापडाच्या दोन्ही अंगांना सारखी दिसते. नेयगी विणकामासारखी दिसते, तर मेंती म्हणजे आपला फुलीचा टाका. रथ, पालखी, गोपूर, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, पोपट हे सारे एवढ्या चार टाक्यांत उभे राहते. मुलांच्या खोलीला याहून अधिक चित्रे कोणती हवीत? हत्ती तर युनिकॉर्नपेक्षा मोठा आहे आणि तो खरोखर असतो.

आता लावायचे कसे, ते माझी चूक ऐकून ठरवा. आजीच्या चंद्रकळेचा एक तुकडा मी हौसेने गोंद लावून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि धाकट्याच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगला. काही वर्षांत गोंदाचे पिवळे डाग वर आले, काळा रंग विटून तांबूस झाला आणि घडीवर कापड चिरले. आईने व्हिडिओ कॉलवर ते पाहिले आणि काहीच बोलली नाही. ते न बोलणे मला अजून टोचते. म्हणून सांगते, गोंद नको आणि चिकटपट्टीही नको. धुतलेल्या मांजरपाटावर पदर सैल, बारीक टाक्यांनी शिवून घ्या, मागे आम्लविरहित माउंट बोर्ड द्या आणि समोरचे आवरण रेशमाला टेकणार नाही एवढी फट ठेवा. मुलांच्या खोलीत काचेऐवजी ॲक्रिलिक बरे. ऊन न येणारी भिंत निवडा आणि पलंगाच्या उशाशी वजनदार चौकट मुळीच टांगू नका. तिकडच्या भिंती आतून पोकळ असतात. आतले लाकडी खांब साधारण १६ इंचांवर असतात, त्यात स्क्रू बसवा. उंची मात्र तुमच्या डोळ्यांची नको, मुलीच्या डोळ्यांची हवी, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट.

पण नुसता पदर टांगून थांबलात, तर माझा सल्ला अर्धाच घेतलात. शेजारची चौकट मुलीने स्वतः भरली पाहिजे. गणिताच्या चौकडीच्या वहीत तिला रथ काढू द्या: वहीतले एक घर म्हणजे एक फुली. मग इंचाला ११ घरे असलेले भरतकामाचे कापड आणि बोथट टोकाची सुई आणा. तुमच्याकडे शनिवारी सकाळचे आठ वाजतात, तेव्हा धारवाडात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात. सासूबाईंचा चहा आटोपलेला असतो. त्यांनी कानडीत मोजावे, मुलीने मराठीत मोजावे. आकडे चुकले तर उसवावे. माझ्या थोरल्याने त्याच्या आज्जीबरोबर असाच एक पोपट भरला होता. पोपटाला तीन पाय झाले, पण ती चौकट आजही त्याच्या स्वतःच्या घरात आहे आणि मी विकत आणलेले डोंगर कुठे गेले, हे कोणालाही आठवत नाही.

उरलेले प्रश्न. “भिंतीवर मराठी मुळाक्षरे लावावीत की कानडी, यावरून घरात अबोला आहे,” असे तुम्ही लिहिता. सीमेवरचा वाद विमानात बसवून न्यायची काय गरज होती? खोलीला चार भिंती आहेत, दोन्ही लावा. भिंतीचा रंग मुलीला विचारा. गणपतीची तसबीर तिने मागितली तर लावा, न मागितल्यास तुमच्या देवघरात ती आहेच.

युनिकॉर्नची चित्रे आली असतील तर एक राहू द्या, बाकीची परत पाठवा. आणि रथ काढताना रुंदीची घरे विषम संख्येत घ्या, ६५ घेतली तर काम जेमतेम सहा इंच रुंद होईल. सम संख्या घेतलीत तर कळसाचे टोक मधोमध येणार नाही आणि सासूबाई पहिल्याच शनिवारी सगळे उसवायला लावतील.