वाचकांचे प्रश्न : ॲनिमेचा सीझन आणि सेमिस्टरची परीक्षा

प्रश्न : मी विश्रामबागेत होस्टेलवर राहतो, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. दर आठवड्याला ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) नऊ चालू मालिका बघतो, शिवाय रात्री ‘नारुतो शिपूडेन’. मागच्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. घरचे म्हणतात, सगळं बंद कर. करावंच लागेल का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : सगळं बंद करायची गरज नाही, पण आधी हिशेब मांडा. ॲनिमेचा एक भाग साधारण 24 मिनिटांचा. सुरुवातीचं गाणं 90 सेकंद, शेवटचं 90 सेकंद. दोन्ही वगळली की उरतात 21 मिनिटं. नऊ मालिकांचे आठवड्याला होतात सव्वातीन तासांच्या आत. एवढ्याने कुणाचा विषय राहत नाही. ‘शिपूडेन’चे मात्र 500 भाग आहेत. रात्री चार धरले तरी 125 रात्री, म्हणजे जवळपास अख्खं सेमिस्टर. तुमचा अभ्यास तिथे गेला आहे. तेव्हा चालू मालिका ठेवा आणि लांबलचक जुनी मालिका सुट्टीवर ढकला.

सुट्टीतही ती सरसकट बघू नका. मंगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, आठवड्याला एक प्रकरण पुढे सरकतो, ॲनिमेचा एक भाग त्यातली एक-दोन प्रकरणं संपवतो. ॲनिमे मंगाला गाठायला लागला की निर्माते मधे मंगात नसलेल्या गोष्टी घालतात. त्यालाच फिलर म्हणतात. ‘शिपूडेन’च्या आधीच्या मूळ ‘नारुतो’च्या 220 भागांत 143 ते 219 हा सलग पट्टा असाच आहे. तो गाळला की तीस तास वाचतात आणि मुख्य कथेचा धागा कुठेही तुटत नाही. ‘शिपूडेन’मध्येही असे पट्टे जागोजागी आहेत, फिलरची यादी शेजारी ठेवून बघा.

आता वेळापत्रक. ॲनिमेचे सीझन जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला सुरू होतात आणि एका सीझनमध्ये 12-13 भाग येतात. ऑक्टोबरच्या सीझनचा उत्तरार्ध आणि हिवाळी परीक्षा एकमेकांवर येतात. एप्रिलच्या सीझनचं उन्हाळी परीक्षेशी तेच. म्हणून नऊपैकी तीनच मालिका दर आठवड्याला बघा. बाकीच्या सहांचे पहिले तीन भाग बघून निकाल लावा: आवडली तर परीक्षेनंतरच्या यादीत, नाही तर कायमची रजा. 12 भागांची मालिका गाणी वगळून सव्वाचार तासांत संपते, शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी एका बैठकीत होते.

जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिकडे रात्री 11 ते 2 दाखवल्या जाणाऱ्या मालिका इकडे साडेसात ते साडेदहाच्या दरम्यान पडतात, नेमक्या अभ्यासाच्या वेळी. भाग आल्या आल्या बघायचा हट्ट सोडा, तिन्ही मालिका रविवारी सकाळी बघा. पुढचं कळू नये म्हणून मालिकेचं नाव आणि पात्रांची नावं सोशल मीडियावर म्यूट करा. इंग्रजी स्पेलिंग, जपानी लिपी, दोन्ही टाका.

‘एकच भाग’ म्हणून बसल्यावर पहाट का होते? भागाचा शेवट मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो. पण टीव्हीवरच्या बहुतेक मालिकांत मधोमध, दहा-बारा मिनिटांनी, जाहिरातीसाठी एक छोटं चित्र झळकतं. ते आयकॅच. तिथे प्रसंग बऱ्याचदा आपोआप मिटलेला असतो. रात्री थांबायचं असेल तर तिथे थांबा आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी जेवताना बघा. शेवटाला थांबण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. ऑटोप्ले मात्र आधी बंद करा, नाहीतर आयकॅच गेलेलंही कळत नाही.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. नाइटवरून आलो की ॲनिमे लावतो आणि दुपारी एकपर्यंत जागाच. संध्याकाळी डोकं जड.
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : नाइटवरून आल्या आल्या झोप सर्वांत दाट असते. ती तासभर टाळली की ऊन चढतं, घरात भांडी वाजायला लागतात, गल्लीत भाजीवाला ओरडतो आणि मग झोप लागतच नाही. आंघोळ, नाश्ता, खिडकीला जाड पडदा आणि झोप, हाच क्रम ठेवा. ॲनिमे दुपारी उठल्यावर, शिफ्टला जायच्या आधी. तेव्हा दोन भाग निवांत होतात आणि थांबायला गाडीची वेळ असतेच. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळ तुमची. फर्स्टच्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टीवरच ठेवा.

दमलेल्या डोळ्यांनी सबटायटल वाचलं जात नाही, मग तोच भाग पुन्हा बघावा लागतो. हाणामारीच्या, हलक्याफुलक्या मालिका हिंदी डबमध्ये बघा; ज्यात संवाद महत्त्वाचे, त्या सुट्टीच्या दिवशी जपानीत. भाग घरच्या वायफायवर 480p ला (चित्राच्या कमी दर्जाला) उतरवून घ्या, मोबाइलच्या पडद्याला तेवढं पुरतं. 1080p ला रोजचा दीड जीबी दोन-तीन भागांतच उडतो. एक लक्षात ठेवा: काही ॲपवर उतरवलेला भाग एकदा सुरू केला की 48 तासांत संपवावा लागतो. आणि मशिनवर कानात इअरफोन नको, अगदी नुसता आवाज ऐकायलाही. टूल तुटायच्या आधी आवाज बदलतो, तो ऐकू यायला हवा.

प्रश्न : द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी आणि सीझन एकाच वेळी. रात्रीच्या लाइटला मोटरवर जातो तेव्हा बघतो. चालेल का?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : छाटणीनंतरचे पहिले पन्नास दिवस डोळे फुटण्यासाठीची पेस्ट, फेलफूट (घड नसलेली फूट) काढणं, डाऊनी या बुरशीची फवारणी यांतच जातात. त्या सीझनला दर आठवड्याची मालिका धरूच नका. डिसेंबरअखेर सगळे भाग आलेले असतात आणि काढणीच्या धांदलीआधी एक-दोन संध्याकाळी सापडतात. मोटरवर बघायला हरकत नाही, पण इअरफोन एकाच कानात. मोटर उपसायची थांबली, पाइप सुटला, हे आधी कानाला कळतं. उठायच्या आधी पडदा बंद करून मिनिटभर थांबा, मग बॅटरी लावून बांधावर पाय टाका. उजळ पडद्यावरून नजर काढल्यावर लगेच अंधारातलं काही दिसत नाही आणि पाणी सोडलेल्या रानात साप निघतात.

प्रश्न : कॉस्प्लेसाठी (आवडत्या पात्राचा वेष करण्यासाठी) फोमचं चिलखत करतेय. कॉलेज सांभाळून दोन महिने आहेत. सांधे उकलतात, रंगाला भेगा पडतात. आई म्हणते, घरभर वास येतो.
– बी.कॉम., सातारा

उत्तर : आईंचं म्हणणं खरं आहे. सिंथेटिक रबरचा पिवळा गोंद पेट घेतो आणि त्याचा वास डोक्यात जातो. स्वयंपाकघरापासून लांब, गच्चीवर किंवा दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून काम करा. चिकटवल्यावर लगेच तिथे हीट गन (कडक गरम हवा सोडणारं यंत्र) लावू नका.

छाती-पाठीला 5 ते 6 मिमी ईव्हीए फोम, खांद्याला 10 मिमी, नक्षीला 2 मिमी. हेअर ड्रायरने फोम वळत नाही, तेवढी उष्णता त्यात नसते. हीट गनच हवी. सांधे उकलतात ते बहुधा घाईने. गोंद दोन्ही कडांना पातळ लावा, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटून तार निघेनाशी झाली की एकदाच जुळवून दाबा. ओला असताना दाबला तर आतलं द्रावक अडकतं आणि सांधा महिनाभराने सुटतो. साताऱ्याच्या पावसात आणखी एक भानगड: द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. म्हणून पावसाच्या दिवशी कापकाम करा, चिकटवायचं काम कोरड्या दुपारी.

भेगांचं कारण रंगात कमी, खालच्या थरात जास्त. आधी फोमवर हीट गन फिरवा, पृष्ठभाग किंचित चमकला की छिद्रं मिटली. मग पांढरा फेविकॉल दोन भाग आणि पाणी एक भाग, असे तीन-चार पातळ थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि वाकवलं की तडकतो. कोपर, खांद्याचा सांधा असे वाकणारे भाग मुळात फोमचे करूच नका. तिथे इलॅस्टिकचा पट्टा आणि बकल.

अभ्यासाशी हे सहज बसतं, कारण निम्मा वेळ नुसता वाळण्यात जातो. एक थर द्या आणि पुस्तक घेऊन बसा; तो वाळेपर्यंत एक धडा होतो. परीक्षेच्या तीन आठवडे आधी चिकटवणं संपलेलं हवं; कापलेले तुकडे महिनाभर पडून राहिले तरी काही होत नाही, अर्धवट चिकटवलेलं चिलखत मात्र वाकडं होतं. आणि तुकडे दोन फुटांहून मोठे ठेवू नका. पुण्या-मुंबईला एसटीने जायचं तर ते बॅगेत उभे बसायला हवेत. टपावर टाकलेल्या तुकड्यांचा रंग पोहोचेपर्यंत खरवडून निघतो.