पुण्याचा मेहुणा आणि प्लेटचे बूट

प्रश्न : ताई, मी 41 वर्षांचा, राहणार लोकमान्यनगर, इंदूर. डिसेंबरात चोरलच्या बाजूला 30 किलोमीटरच्या ट्रेल रनला नाव घातलंय. त्यातले 12 किलोमीटर शेतांमधला कच्चा रस्ता, बाकी घाटाची चढण आणि दगडांचा उतार. चार तासांत संपवायचंय. डांबरी रस्त्यावर मला 10 किलोमीटरला 57 मिनिटं लागतात. पुण्याचा मेहुणा म्हणतो, कार्बन प्लेटचे ट्रेल शूज घे. किंमत वीस हजारांच्या वर. घेऊ का?

उत्तर : मेहुण्याला आधी विचारा, तो स्वतः कुठे पळतो.

चार तासांत 30 म्हणजे किलोमीटरला 8 मिनिटं. घाट तुम्ही चालतच चढणार. मीही चालतेच, त्यात लाज कसली. प्लेट म्हणजे बुटाच्या तळातल्या फोममध्ये बसवलेली कार्बनची ताठ पट्टी; चालताना ती असली काय नि नसली काय. उतारावर जपून पावलं टाकाल. राहता राहिले ते 12 किलोमीटर. तिथे प्लेट किती कामाची?

प्लेट स्प्रिंगसारखी उडवते, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. 2017 मध्ये नायकीचे व्हेपरफ्लाय हे प्लेटचे बूट आले तेव्हा ‘ऊर्जा 4 टक्के वाचते’ हा आकडा गाजला. ते मोजमाप ट्रेडमिलवरचं, ताशी 14 ते 18 किलोमीटर वेगाचं. तुमचा डांबरीवरचा वेग ताशी साडेदहाच्या आसपास. पुढे संशोधकांनी त्याच बुटांमधली प्लेट कापून पाहिली, तरी फायदा फारसा घटला नाही. बरीचशी कमाई त्या हलक्या, उसळत्या फोमची होती.

आता माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीचे प्लेटचे बूट मागून इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर गेले. चढताना पायाखाली नुसती गादी, मी खूश. उतरताना लिंबाएवढा दगड टाचेच्या बाहेरच्या कडेखाली आला. माझ्या जुन्या बुटांचा तळ असा दगड पोटात घेतो. हा वाकलाच नाही. पाटाखाली खडा यावा तसा अख्खा बूट कलला, आणि बुटाबरोबर घोटा. तीन आठवडे हळदीचा लेप आणि घरच्यांची बोलणी. तळ उंच नि ताठ असला की हे व्हायचंच. बूट बनवणाऱ्यांनाही ते कळतं. होका कंपनीच्या टेक्टॉन एक्स बुटांमध्ये अखंड प्लेटऐवजी शेजारी शेजारी दोन पट्ट्या आहेत, म्हणजे तळाची एक बाजू दुसरीला न ओढता थोडी वाकते.

तेव्हा या शर्यतीपुरतं माझं उत्तर : नका घेऊ.

त्यापेक्षा आपल्या काळ्या मातीचा विचार करा. डिसेंबर कोरडा खरा, पण गव्हाला पाणी सोडलेलं असतं आणि ते शेताकडेच्या रस्त्यावर येतं. दहा पावलांत बुटांना भाकरीएवढे थर चिकटतात. तिथे तळाच्या खुंट्या पाहायच्या : एकमेकींपासून लांब असल्या तर माती झटकून जाते, दाटीने असल्या तर भरून सपाट होतात आणि मग ओल्या दगडावर घसरगुंडी.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. शर्यतीतलेच मोजे घाला. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं आपटून नखं काळी पडतात. नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवा, टाच जागची हलत नाही.

मेहुणा तरीही ऐकत नसेल आणि दोघांच्या बुटांचा नंबर सारखाच असेल, तर त्याचेच बूट मागून आणा. जानापावला घालून जा, पण चढून ठरवू नका. उतरून पाहा.