शिसपेन्सिलीने लिहिलेली पाने

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या लिहित्या माणसांनी एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला आहे. व्यसन, निषिद्ध मानलेले आकर्षण, घराच्या चार भिंतींआड चालणारी हिंसा अशा विषयांवरच्या कथा मला सुचतात, तर माझ्याच मनात काही बिघाड आहे का. आणि मी असेच लिहीत राहिले तर तो वाढेल का? याचे उत्तर 'नाही' असे एका शब्दात देता येते, परंतु तेवढ्याने कोणाची झोप परत आलेली मी पाहिलेली नाही. म्हणून एका शिक्षिकेची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते. शाळेत आणि गल्लीतही सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. मीही तेच म्हणेन.

बाई सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. वय एक्केचाळीस. त्यांची एक दीर्घकथा एका दिवाळी अंकाने स्वीकारली होती आणि ऑगस्टमध्ये मुद्रिते तपासायला घरी आली होती. कथेतल्या बाईचा नवरा दारूच्या आहारी गेलेला आहे आणि तिचे मन धाकट्या दिराकडे ओढ घेते आहे. बाईंचे स्वतःचे यजमान सुपारीच्या खांडालाही हात लावत नाहीत, पण घर एकत्र आहे आणि त्या घरात एक दीरही आहे. यजमानांनी मुद्रिते वाचली आणि न रागावता फक्त एवढेच विचारले, "हे तुला सुचलं कसं?" त्या दिवसापासून बाईंना रात्री दोन-अडीचनंतर झोप लागत नव्हती. कथा परत मागवावी, असे त्यांच्या मनाने जवळजवळ घेतले होते.

पहिल्या भेटीत त्यांनी कथेची मूळ वही आणली होती. शाळेतली दोनशे पानी वही, वरून रबर लावलेले. मजकूर निळ्या पेनने लिहिलेला, परंतु मधली काही पाने शिसपेन्सिलीने. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "खोडता यावीत म्हणून." ती पाने एकदा नव्हे, अनेकदा खोडून पुन्हा लिहिलेली दिसत होती आणि लिहिताना हात इतका दाबून चालला होता की पुढच्या कोऱ्या पानावरही अक्षरे बोटांना लागत होती.

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. मी विचारले, "यातलं तुमच्या आयुष्यात खरोखर किती घडलंय?" बाईंनी वही मिटली, रबर लावले आणि उरलेला अर्धा तास त्या शाळेच्या वेळापत्रकाबद्दल बोलल्या. यजमानांचा प्रश्नच मी वेगळ्या शब्दांत विचारला होता. लेखकाच्या कल्पनेला कबुलीजबाब समजून तिची उलटतपासणी करायची नसते, हे मला माहीत असायला हवे होते. पुढच्या भेटीत मी त्यांची क्षमा मागितली आणि मगच आमचे बोलणे सुरू झाले.

प्रथम मी त्यांना जे सांगितले ते मानसशास्त्रात बरेच जुने आहे. १९७८ मध्ये रॅचमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी असे दाखवले की कोणताही मानसिक आजार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्या मनातही अनिष्ट, हिंसक किंवा लाज वाटावी असे विचार आपोआप येऊन जातात आणि त्यांचा आशय मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) रुग्णांच्या विचारांपेक्षा फारसा वेगळा नसतो. फरक असतो तो ते विचार किती वेळा येतात, किती काळ टिकतात आणि माणूस त्यांना किती घाबरतो, यात. विचार दाबून टाकण्याचा उपायही कामी येत नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले आणि तो आला की घंटी वाजवण्यास सांगितले, तर घंटी वाजतच राहिली. शिवाय नंतर मुभा दिल्यावर त्या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा अधिक वेळा आले. विचार मनात येणे म्हणजे ते कृत्य केल्यासारखेच, अशी जी समजूत अनेकांच्या मनात घट्ट बसलेली असते, तीच पुष्कळदा खरे दुखणे असते. बाई मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, हे पटतं. पण झोप येत नाही ती नाहीच."

तेव्हा मी कथेबद्दल बोलायचे ठरवले. कथेतल्या नायिकेला दीर आवडू लागतो तो नेमका कोणत्या ओळीपाशी, ते वाचून दाखवा, असे सुचवले. त्यांनी वाचले. नवऱ्याच्या दारूवरून घरात आरडाओरडा चालला आहे, सासरे काठी आपटत आहेत, नवरा ओट्यावर पडलेला आहे, आणि या सगळ्या गोंधळात दीर काही न बोलता तव्यावर शिळी भाकरी गरम करतो आणि ताट वहिनीपुढे सरकवतो. तिने दुपारपासून खाल्लेले नाही, हे त्या घरात फक्त त्याच्या लक्षात आलेले असते. एवढाच तो प्रसंग. ओढ सुरू होते ती तिथून, त्या गरम भाकरीपासून. वाचून झाल्यावर बाई स्वतःच म्हणाल्या, "माझं लग्न झालं तेव्हा आमचा दीर दहावीला होता हो. त्याचं मराठी व्याकरण मी करून घेतलंय." आणि थोड्या वेळाने, "आमच्या घरी आई अशीच उपाशी राहायची. तिला कोणी ताट वाढलं नाही." निषिद्ध आकर्षणाच्या कथेत एका उपाशी बाईला ताट वाढण्याची इच्छा दडलेली होती. असे प्रत्येक वेळी असते असा माझा दावा नाही. कधी आकर्षण हे आकर्षणच असते आणि तेही माणसाचेच असते. परंतु लेखिकेच्या मनात काय आहे हे कथेच्या विषयावरून ठरवणाऱ्याला ते क्वचितच कळते.

कोणत्या परिस्थितीत मी काळजी करते, हेही येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. लेखणी खाली ठेवल्यावर पानातून बाहेर येता येते का, हे मी पाहते. स्वयंपाक, शाळा, मुलांचा अभ्यास यांत मन परत येते का, जेवण-झोप टिकून आहे का, लिहिण्यासाठी म्हणून दारू किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागतो का, स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, एखाद्या जिवंत माणसाला, विशेषतः लहान मुलाला, इजा होईल अशा ओढीपुढे कथा हा केवळ पडदा आहे का, हे मी थेट विचारते. यांपैकी शेवटच्या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर साहित्याची चर्चा त्याच क्षणी थांबते आणि मनोविकारतज्ज्ञांची मदत घेतली जाते; रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांकही उपलब्ध असतो. बाईंच्या बाबतीत झोप सोडता बाकी सारे ठीक होते. म्हणून मी विचारले, "कोणत्या पानानंतर झोप उडते?" मला वाटले होते की त्या दिराचे पान सांगतील. त्यांनी शिसपेन्सिलीचे पान उघडले.

त्या पानावर आकर्षणाचा मागमूसही नव्हता. नायिकेची नऊ वर्षांची मुलगी बापाची बाटली मोरीत ओतते, एवढेच तिथे होते. हे मात्र घडलेले होते. बाईंचे वडील रोज पिणारे होते. प्यायल्यावर तोंडाचा वास झाकण्यासाठी बडीशेप चघळत घरी येत, असे कथेतही आहे. निवडणुकीमुळे गावातली दुकाने बंद राहणार म्हणून त्यांनी एक बाटली आधीच आणून कोनाड्यात ठेवली होती. नऊ वर्षांच्या बाईंनी ती ओतून टाकली. दुसऱ्या दिवशी वडिलांचे हात थरथरू लागले, घामाने अंथरूण भिजले, आणि तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा चालल्या आहेत म्हणून ओरडत भिंत झटकू लागले. घरच्यांनी बाहेरचे काही लागले म्हणून देवऋषी बोलावला. मग कोणीतरी शहाण्या माणसाने जीपमध्ये घालून त्यांना सरकारी दवाखान्यात नेले आणि ते वाचले. त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले आणि पीतही राहिले. परंतु आपण बाटली ओतली म्हणून बाबांना वेड लागले, ही गोष्ट त्या मुलीने बत्तीस वर्षे कोणालाही सांगितली नव्हती. सांगितली ती प्रथम वहीला, आणि तीही खोडता येईल अशा बेताने.

मी त्यांना जे समजावले ते प्रत्येक व्यसनी माणसाच्या घरात माहीत असायला हवे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावलेले असते. ती अचानक बंद झाली की साधारण सहा ते बारा तासांत कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होतात, नसलेले किडे-मुंग्या दिसतात, दिवस-रात्रीचे भान सुटते. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो, म्हणून अशा रुग्णाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची असते. खोलीत कोंडून नव्हे. बाईंना मी असे म्हणाले नाही की तुमच्या बाटली ओतण्याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता, कारण त्या हुशार आहेत आणि त्यांना ते खोटे वाटले असते. मी म्हणाले, "आजार त्यांच्या शरीरात आधीच होता. नऊ वर्षांच्या मुलीला घरात शांतता हवी होती आणि तिला जे सुचलं ते तिने केलं." त्या बराच वेळ रडल्या. त्यांच्या कथेतही नायिका नवऱ्याला तीन दिवस कोंडून त्याची दारू सोडवते असा एक प्रसंग होता. तो त्यांनी घरी जाऊन बदलला. कथेतला काळोख कितीही गडद असो, त्यातले शरीर तरी खरे असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते, कारण कोणीतरी वाचक तोच प्रयोग घरी करून पाहू शकतो.

पुढच्या काही आठवड्यांत आम्ही साध्याच गोष्टी केल्या. अवघड प्रसंग त्यांनी रात्री न लिहिता रविवारी सकाळी लिहायचे, पाऊण तासाने थांबायचे आणि थांबल्यावर हातांना काम द्यायचे. त्या लसूण सोलत. आघाताविषयी लिहिल्यावर लगेच मन जड होते, पण पुढे प्रकृतीला त्याचा फायदा होताना दिसतो, असे जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रसिद्ध प्रयोगात आढळले होते. तिथेही लिहिण्याची मर्यादा दिवसाला पंधरा मिनिटे आणि सलग चार दिवस अशीच होती. मर्यादा महत्त्वाची आहे, असे माझाही अनुभव सांगतो.

हाच सल्ला सर्वांना लागू पडत नाही. दारू सोडून चौदा महिने झालेले एक गृहस्थ आपल्या पिण्याच्या दिवसांवर कथा लिहीत होते. ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज वर्णन करताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटले. त्यांना मी ते वर्णन काही काळ बाजूला ठेवायला सांगितले. व्यसनातून बाहेर पडलेल्याच्या मेंदूला असा आवाज, वास, संध्याकाळची ठरावीक वेळ हेच आमंत्रण असते. ओढ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते, पण त्या अर्ध्या तासात त्यांनी हातात वही नव्हे, फोन धरावा आणि आपल्या आधारगटातल्या माणसाशी बोलावे, असे आम्ही ठरवले. बर्फाच्या आवाजाची कथा थांबू शकते.

बाईंच्या यजमानांना एकदा सोबत बोलावले. त्यांची खरी भीती वेगळीच निघाली: अश्लीलतेचा खटला होईल का? मी वकील नाही, पण एवढे त्यांना सांगू शकले की दिवाळी अंकातल्या कथेवर असा खटला महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे; १९६२ च्या एका अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेचा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरले. बाईंच्या कथेत तर एका गरम भाकरीपलीकडे काही घडतच नव्हते. ते हसले आणि म्हणाले, "मग छापू दे की."

राहिली आई. बाईंच्या भावाचे म्हणणे होते की घरातले चव्हाट्यावर येते आहे, आणि ते मला अगदीच चुकीचे वाटले नाही. आठवण बाईंची होती, पण ते दिवस आईनेही भोगलेले होते. मी सुचवले की आधी आईंना विचारा, ऐकायचे आहे का. नको म्हणाल्या तर आग्रह धरू नका. आई चौथी शिकलेल्या, वय सत्तरीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "वाच." बाईंनी दुपारी सोप्यात बसून त्यांना ती पाने वाचून दाखवली, बाटलीच्या पानासह.

आईंनी मधे फक्त एकदा थांबवले. "बडीशेप नाही गं. लवंग. बडीशेपेनं वास जात नाही म्हणायचा तो." मग पान संपेपर्यंत त्या गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाटली तू ओतलीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मोरीला वास मारत होता. त्याला कळू नये म्हणून मीच वरून दोन बादल्या पाणी ओतलं."

हे मला सांगताना बाईंनी विचारले, कथेत घालू का? मी म्हणाले, हे तुम्ही आणि आईंनी ठरवायचे. ऑक्टोबरमध्ये अंक आला. कथेत लवंग होती. दोन बादल्या पाणी नव्हते.