पोराच्या अंगावरचे वळ : पुरावा कसा टिकतो?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात झेडपी शाळेत शिकवते. दुसरीतल्या एका पोराच्या पाठीवर वळ दिसले, विचारलं तर म्हणे पडलो. मोबाईलवर फोटो काढून ठेवू का?

उत्तर : ताई, तुम्ही त्याचे कपडे काढून फोटो नका काढू, आणि परत परत विचारूही नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दात, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा आणि आजच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, खात्री पटायची वाट बघू नका, ठरवायचं काम त्यांचं आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे.

फोटो सिव्हिलमध्ये डॉक्टर काढतील. आधी लांबून, म्हणजे शरीराचा कोणता भाग ते कळतं, मग जवळून, मग तोच वळ शेजारी एल आकाराची पट्टी ठेवून, कॅमेरा अगदी सरळ धरून, नाहीतर माप चुकतं. सोबत शरीराच्या आकृतीवर प्रत्येक खूण मांडतात. वायर दुमडून मारली असेल तर यू सारखा वळ उठतो, तो पडल्याने होत नाही. चावल्याची खूण असेल तर धुवायच्या आधी स्वॅब घेतात, लाळेतून डीएनए मिळू शकतो. दोन-तीन दिवसांनी परत फोटो घेतात कारण काही वळ उशिरा उमटतात. आणि रंगावरून "हा चार दिवसांचा" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, तसं नक्की सांगता येत नाही.