दारू न पिणाऱ्या शाकाहारी माणसाने लंडनच्या पबमध्ये जाऊन करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की लंडनला बदली झाली आहे, ऑफिसची मंडळी दर शुक्रवारी पबमध्ये बोलावतात, तुम्ही दारू घेत नाही आणि शाकाहारी आहात. जावं की टाळावं? शिवाय ब्रिटिश पब, आयरिश पब आणि गॅस्ट्रोपब यांत फरक काय, हेही विचारलंय.

नक्की जा. मी नऊ वर्षं इथे आहे, मीही पीत नाही आणि इथली माझी निम्मी मैत्री पबमध्येच जमली. पब म्हणजे पब्लिक हाउस, आणि या नावातच सगळं आलं. दुपारी तीनला कुणी आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, पायाशी कुत्रा झोपलेला असतो. तुमच्या ग्लासात काय आहे, याची चौकशी कोणी करत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. टेबलावर ऑर्डर घ्यायला सहसा कोणी येत नाही. उठून बारपाशी जायचं, तिथेच मागायचं, बहुतेक ठिकाणी तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलंय ते सगळ्यांच्या लक्षात असतं, त्यामुळे हात हलवून बारमनला बोलावू नका. लाइम अँड सोडा मागा, स्वस्तात मोठा ग्लास मिळतो. शून्य अल्कोहोलच्या बिअरही आता जवळपास सगळीकडे असतात.

मग येतो राउंड. चौघं गेले की एक जण सगळ्यांचं आणतो, पुढच्या वेळी दुसरा. तुम्ही सोडाच घेत असलात तरी तुमची पाळी चुकवू नका, असं मला मनापासून वाटतं. पैशांचा हिशेब तिथे दुय्यम असतो. "तुम्हाला काय आणू?" असं विचारून उठणारा माणूस त्या गटाचा होऊन जातो. दुसऱ्यांच्या दारूचे पैसे देणं तुम्हाला पटत नसेल, तर पहिल्याच दिवशी साधेपणाने सांगा, कोणी मनाला लावून घेत नाही.

बारपाशी उभे असाल तेव्हा गिनेस ही काळी आयरिश बिअर भरताना जरूर बघा. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात आणि तसाच ठेवून देतात. आत तपकिरी ढग उठतात, बुडबुडे काचेच्या कडेने चक्क खाली जाताना दिसतात, आणि हळूहळू तळापासून काळा रंग वर चढतो. ही करामत नायट्रोजनची. मग वरचा भाग भरतात. कंपनी या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात असं सांगते. एल ही पारंपरिक ब्रिटिश बिअर मात्र हातपंपाने ओढतात. तळघरातल्या पिंपातून ती ११ ते १३ अंशांवर येते, म्हणून नवख्याला कोमट वाटते.

आता फरक. आयरिश पबची खूण भिंतीवरच्या जुन्या पाट्या किंवा टांगलेली सायकल ही नव्हे. तसली सजावट डब्लिनच्या कंपन्या १९९० च्या दशकापासून कंटेनरमध्ये भरून जगभर पाठवतात. खरी खूण म्हणजे सेशन. वादक मंचावर न बसता कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात आणि एका धूनमधून दुसरीत शिरतात. त्यांच्या शेजारची खुर्ची वादकासाठी असते, ती सोडा. जुन्या आयरिश पबमध्ये स्नग नावाची बंदिस्त खोली असायची. बायकांना चारचौघांत पिणं शोभत नाही असं मानायचे, त्या तिथे बसत. लंडनमध्ये ब्लूम्सबरीतल्या ‘द लॅम्ब’मध्ये याचाच भाऊबंद दिसतो: बारवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या नक्षीदार काचा, म्हणजे गिऱ्हाईक आणि बारमन एकमेकांना दिसू नयेत. त्यांना स्नॉब स्क्रीन म्हणतात.

गॅस्ट्रोपबची सुरुवात फॅरिंग्डन रोडवरच्या ‘द ईगल’पासून धरतात. १९८९ साली सरकारने बड्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या, हातातल्या पबच्या संख्येवर अंकुश आणला आणि बरेच पब बाजारात आले. १९९१ मध्ये मायकेल बेलबेन आणि डेव्हिड आयर यांनी हा पब घेतला, बारमागेच उघडं स्वयंपाकघर थाटलं, मेन्यू फळ्यावर खडूने लिहिला. चांगलं जेवण, पण टेबलक्लॉथ नाही, ही कल्पना तिथली. आज कित्येक गॅस्ट्रोपब म्हणजे नुसती रेस्टॉरंटं झाली आहेत, नुसतं प्यायला आलेल्याला बसायला जागाच नाही. अशांना पब म्हणायला माझं मन घेत नाही.

शाकाहाराचं बघा. प्रत्येक मेन्यूत दोन-तीन पदार्थ असतात, पण विचारून घ्या. चिप्स कधी मासे तळलेल्याच तेलात तळतात, काही ठिकाणी गाईच्या चरबीत. रविवारच्या रोस्टमध्ये, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणात, तुम्हाला मांसाऐवजी दाण्यांचा नट रोस्ट मिळेल. मात्र यॉर्कशायर पुडिंग (हे गोड नसतं, पिठाचं भाजलेलं असतं) आणि बटाटे चरबीत भाजलेत का, आणि शाकाहाऱ्यांसाठी ग्रेव्ही वेगळी आहे का, हे दोन प्रश्न ऑर्डर देतानाच विचारा. कोणी कपाळाला आठ्या घालत नाही, आत जाऊन विचारून येतात.

रात्री घंटा वाजली की दचकू नका, शेवटच्या ऑर्डरची वेळ झाली एवढाच अर्थ. निघताना टेबलावरचे रिकामे ग्लास उचलून बारवर नेऊन ठेवा.