रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्रास काहीच नाही

प्रश्न: ताई, लग्न ठरलंय म्हणून मी स्वतःहूनच सगळ्या टेस्ट करून घेतल्या, त्यात हर्पीसचं, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या, गुप्तांगावर फोड आणणाऱ्या एचएसव्ही-२ विषाणूचं आयजीजी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं त्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) १.८, पॉझिटिव्ह आलंय. आयजीएम (दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीची टेस्ट) पण पॉझिटिव्ह. मला आजवर फोड, आग, काहीच झालेलं नाही. चार रात्री झोप नाही, त्याला सांगू का?

उत्तर: अगं, आधी जरा शांत हो, या एका आकड्यावरून तुला हर्पीस आहे असं अजून कुणीच म्हणू शकत नाही. बहुतेक लॅब १.१ च्या वर काहीही आलं की पॉझिटिव्ह छापतात, पण १.१ ते ३ मधले आकडे बऱ्याचदा खोटे निघतात, आणि तुझा १.८ नेमका तिथेच बसतोय. म्हणून दुसऱ्या पद्धतीची टेस्ट, म्हणजे वेस्टर्न ब्लॉट वगैरे, करून खात्री करायची. संबंध अलीकडचा असेल तर अँटीबॉडी तयार व्हायला १२ आठवडेसुद्धा लागतात, मग तेवढं थांबून परत रक्त द्यायचं. आयजीएम तर सोडूनच दे, ती टेस्ट भरवशाची नाही, ती करायलाच नको होती. त्रास नसताना सरसकट ही रक्ततपासणी करू नका असं डॉक्टर म्हणतात ते याचसाठी, जोडीदाराला हर्पीस असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एचएसव्ही-१, म्हणजे हर्पीसचाच दुसरा प्रकार, पॉझिटिव्ह आलं असतं तरी तो ओठावरचा की खालचा हे रक्तावरून कळत नाही, जगभरात ५० वर्षांखालच्या दर तिघांत जवळपास दोघांना तो असतोच.

अंगावर फोड असेल तर मात्र रक्त नाही, स्वॅब. डॉक्टर फोड हलकेच फोडून कापसाची काडी त्याच्या तळाशी घासतात, दोनचार सेकंद चांगलंच झोंबतं, मग त्यावर पीसीआर, म्हणजे थेट विषाणूच शोधणारी टेस्ट, होते आणि कुठला टाइप तेही कळतं. पण फोड ताजा हवा, शक्यतो पहिल्या ४८ तासांतला, खपली धरल्यावर गेलात तर विषाणू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं आणि माणूस उगाच निर्धास्त होतो. (हर्पीस म्हटलं की लोकांना नागीण आठवते, तो विषाणू याच घराण्यातला पण वेगळा.)

त्याला सांगण्याचं म्हणशील तर खात्रीची टेस्ट होऊ दे. ती पॉझिटिव्ह आली तर लग्नाआधी नक्की सांग, कारण फोड नसतानाही हा पसरतो, आणि दोघं मिळून डॉक्टरांना भेटा, गोळ्यांनी पसरण्याचा धोका बराच कमी होतो. मधल्या काळात कधी काही उठलंच तर मलम लावत बसू नकोस, त्याच दिवशी दाखव.